खुशालराव पाटलांच्या काचेवरचं टोकन

१

चोरीला गेला होता तो एक गोल कागद. वाटीच्या बुडाएवढा.

सोमवारी सकाळी अकोल्याच्या आमच्या मोटर ऑफिसची खिडकी उघडतो न उघडतो तोच बाळापूरचे खुशालराव पाटील समोर उभे. धोतर चुरगळलेलं, फेट्यावर धूळ. घरी नवीकोरी मोटार असलेला माणूस एस.टी.नं उभ्याउभ्या आला, हे पाहून मला आधी हसू आलं. ते मी गिळलं.

"ढोमणेबाबू, टोकन चोरीले गेलं," ते म्हणाले आणि त्यांनी अर्ज आत सरकवला.

मी गोवर्धन ढोमणे. १९६२ साली मी त्या ऑफिसात टोकनांचा कारकून होतो. मोटारीचा कर भरला की त्या तिमाहीचं टोकन मालकाला द्यायचं, त्यावर मोटारीचा नंबर माझ्या हातानं लिहायचा आणि नव्या मालकाला नियम ऐकवायचा, हे माझं काम. नियम साधा. टोकन समोरच्या काचेवर, डाव्या अंगाला, आतून चिकटवायचं. अक्षरं बाहेरच्या माणसाला वाचता आली पाहिजेत. मोटार रस्त्यावर असताना ते जागेवर दिसलंच पाहिजे.

पण नव्या मालकांनी या साध्या नियमाचे काय हाल केले नाहीत! एकानं टोकन फ्रेम करून बैठकीत टांगलं. दुसऱ्यानं अक्षरं आपल्याकडं करून चिकटवलं, कारण "मोटर माही, तं वाचीनही मीच." म्हणून मी नियम प्रत्येकाला तीनदा ऐकवत असे. लोक मला टोकनबाबू म्हणत. घरीही म्हणत, पण तो विषय वेगळा.

खुशालरावांनाही दहा दिवसांपूर्वी तीनदा ऐकवला होता. आता त्यांचा अर्ज मी वाचला आणि हातातला टाक खाली ठेवला. लिहिलं होतं: आमचा ड्रायव्हर देवमन याने टोकन चोरले आहे, सबब त्याच्या लायसनवर तसा शेरा मारावा.

"चोरताना कोणी पाहिलं?"

"पाह्याची काय गरज? टोकन काचेच्या आतून, मोटरीले कुलूप आन किल्ली देवमनपाशी. दुसरा कोन चोरन?"

झालं होतं ते असं. शुक्रवारी पोळा झाला. शनिवारी, म्हणजे करीच्या दिवशी सकाळी, पाटील सौभाग्यवतींना घेऊन सासुरवाडीला मोटार दाखवायला निघाले. काचेवर पोळ्याचे झेंडूचे हार तसेच होते. नाक्यावर मोटर इन्स्पेक्टरनं गाडी अडवली, डाव्या कोपऱ्यावरचा हार वर उचलला, तर खाली नुसती काच. आठवडी बाजाराला निघालेल्या शंभर माणसांसमोर पाटलांना मोटार माघारी वळवावी लागली. त्याच जागी त्यांनी देवमनला चोर म्हटलं आणि कामावरून काढलं.

"तो बाहेर बसून आहे," मी म्हणालो. देवमन माझ्याआधीच ऑफिसच्या ओट्यावर येऊन बसला होता.

मी त्याला आत बोलावलं. पंचविशीचा सडपातळ पोरगा, शर्ट धुतलेला, नजर सरळ. तो पाटलांकडं न बघता माझ्याशी बोलला.

"बाबू, उद्या अकरा वाजता एस.टी.त डायवरच्या मुलाखती हायेत. जुन्या मालकाचा चालचलणुकीचा दाखला लागते. दाखला तं गेलाच, पन लायसनवर चोर म्हनून शेरा पडला तं जलमभर कोनी गाडीले हात लावू देनार नाई. आमच्या बार्शीटाकळीच्या वस्तीतून इथलोक पोचलेला मी पयलाच हाव."

"मग कावून चोरलं?" पाटील कडाडले.

"चोरलं असतं तं काच खराब झाली असती ना जी," देवमन शांतपणे म्हणाला. "मीनंच चिकटवलं व्हतं ते. बाभळीच्या डिंकानं. कोनी ओढून काढलं असतं तं फाटूनच निघालं असतं, काचेवर कागद राह्यला असता. मी नाक्यावर नीट पाह्यलं. एक चिंधीसुदा नव्हती तिथी."

मी खुर्चीत सावरून बसलो. हे पाटलांच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर टोकनं वाटण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्याही आलं नसतं.

मी अर्ज पेपरवेटखाली दाबला. "शेरा उद्या. आज मी अर्ध्या दिवसाची रजा टाकतो. आधी काच पाहू."

"उद्या अकराच्या आत, बाबू," देवमन म्हणाला.

२

दुपारच्या एस.टी.नं आम्ही तिघं बाळापुरात उतरलो. पाटलांनी तिकिटं दोनच काढली. देवमननं स्वतःचं स्वतः काढलं.

मोटार घराच्या बाजूच्या छपरीत उभी होती. राखी रंगाची, अजून नवेपणाचा वास असलेली. छपरीला लागूनच गोठा. पाटलांच्या शेतावरच्या जोड्या शेतावरच असत. घरच्या गोठ्यात फक्त दमणीची, म्हणजे माणसं न्यायच्या हलक्या बैलगाडीची, एक जोडी होती, पांढरीशुभ्र. मोटार आल्यापासून दमणी कोपऱ्यात उभी होती.

मी हार बाजूला केले आणि काच पाहिली. देवमन खरं बोलला होता. ओरखडा नाही, कागदाचा कण नाही. दार उघडून आतून बोट फिरवलं तर त्या जागी काच किंचित तुपकट लागली. म्हणजे कोणीतरी कोमट पाण्याचं फडकं धरून डिंक भिजवला होता, हळूहळू टोकन अख्खं सोडवलं होतं, आणि त्याच्या हाताला तूप होतं. या कामाला पाव तास तरी लागतो. चोराला एवढी सवड कुठली?

"आणखी काय गेलं?" मी विचारलं.

पाटलांनी बोटांवर मोजलं. "बंपरले बांधलेला काळा गोंडा गेला. आरशाले टांगलेली मन्यायची माळ गेली. निंबू-मिरची गेली. मूठभर वस्तू, पन नव्या मोटरीच्या व्हत्या."

"आणि हत्यारांची पेटी?"

"हाय."

"जादा चाक? घड्याळ?"

"समदं हाय."

असा चोर मी ऐकला नव्हता. किमतीचं होतं ते त्यानं ठेवलं, आणि नेलं काय, तर दोऱ्यानं बांधलेलं नाहीतर डिंकानं चिकटवलेलं.

मी मोटारीभोवती चक्कर मारली. पुढच्या दोन्ही मडगार्डांवर, डावीकडं आणि उजवीकडं अगदी सारख्या उंचीवर, तळहाताएवढे पिवळे डाग होते. नाकाजवळ नेऊन वास घेतला. हळद आणि तूप.

"पूजेची हळद असेल ती," पाटील म्हणाले.

"मोटर आली तवा पूजा बॉनेटवर केली व्हती," देवमन मागून म्हणाला. "मालकिनीनं. मडगार्डाले कोनी हळद नाई लावली माह्यासमोर."

मी खाली वाकलो. मोटारीच्या पुढच्या जाळीतून मुंग्यांची एक रांग निघाली होती आणि जमिनीपर्यंत पोचली होती. जाळीच्या खाचेत काहीतरी गोड चिकटलं होतं. मी नखानं काढून पाहिलं.

ते पुरण होतं.

३

पुरणाचा प्रश्न स्वयंपाकघरात विचारावा, म्हणून मी कौशल्याबाईंना भेटलो. पाटलांच्या पत्नी म्हणजे त्या घराचं खरं मोटर ऑफिस. त्यांनी आधी देवमनला ओसरीवर बसवलं, त्याच्यापुढं चहा ठेवला, मग नवऱ्याकडं पाहिलं. पाटलांनी छपराकडं पाहिलं.

"किल्ली देवमनपाशी होती असं पाटील म्हणतात," मी सुरुवात केली.

"त्यायले काय ठाऊक?" बाई म्हणाल्या. "बेस्तरवारी दुपारी देवमन सुट्टीवर गेला तवा किल्ली माह्या हाती देऊन गेला. शनवारी सकाळी आला, तवा घेतली."

पाटील पुढं सरकले. "सुट्टी? कोनी देली?"

"तुमीच देली! समद्या गड्यायसमोर मोठ्यानं म्हनलं, पोळ्याले बैल जुपत नाई तं मोटरही नाई. बैलाले जे, ते मोटरीले. दोन रोज मोटर हालनार नाई. लय टाळ्या घेतल्या तवा."

देवमननं चहाची बशी तोंडाला लावली. त्यानं हसू लपवलं असावं.

"मग दोन दिवस किल्ली कुठं होती?"

"खिडकीत. बेस्तरवारी समदं धुनं-पुसनं चालू व्हतं, किल्ली कोनी नेली आन कोनी आनली, म्या काय पहारा केला?"

म्हणजे कुलपाचा पुरावा गेला. देवमन गुरुवार दुपारपासून शनिवार सकाळपर्यंत बार्शीटाकळीत होता, आणि त्या काळात मोटारीपर्यंत घरातला कोणीही पोचू शकत होता. मी खूष झालो. पण फार वेळ नाही, कारण पाटील हार मानणारे नव्हते.

"घरचं मानूस आपलंच टोकन कावून चोरन?" ते म्हणाले. "त्याचा फायदा कोनाले? फायदा एकाच मानसाले, बाबू. माह्या चुलतभावाले. रामराव! त्याच्या जुन्या मोटरीले सहा महिने टोकन नाई. पोळ्याच्या दिवशी येऊन तो माह्या मोटरीत तासभर बसून व्हता. आन शनवारपासून त्याच्या काचेवर गोल कागद हाय. म्या सोताच्या डोयानं पाह्यला. देवमननं त्यालेच देलं!"

मी कौशल्याबाईंकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"कागद म्याही पाह्यला," त्या म्हणाल्या. "गोल हाय. डाव्या अंगालेच हाय."

देवमनच्या हातातली बशी थांबली.

४

रामरावांचं घर दोन गल्ल्या पलीकडं होतं. त्यांची मोटार इतकी जुनी होती की तिचा मूळ रंग कोणता हे रामरावांनाही सांगता आलं नसतं. अंगणाच्या दारातून पाहिलं तर खरंच, डाव्या कोपऱ्यात गोल कागद. आकार तोच. रंगही जवळपास तोच.

टोकनावर नंबर माझ्या अक्षरातला असतो. तो पाटलांच्या मोटारीचा निघाला, तर चोरी सिद्ध, आणि मग देवमनचं नाव त्यातून सोडवणं कठीण.

मी तरातरा चालत काचेजवळ गेलो आणि वाचायला लागलो. वाचण्यासारखं काही नव्हतं. चहाच्या पुड्यावरचं बालाजीचं गोल चित्र नीट कापून चिकटवलेलं होतं.

"या टोकनबाबू," रामराव बाजेवरून उठले. त्यांना जरादेखील लाज वाटली नाही.

"हे काय लावलंत?"

"देव हाय. देव लावाले बंदी हाय काय?"

"टोकनाच्या जागी?"

"बाबू, दुरून पाह्यलं तं पोलिसाले टोकन दिसते. जवळून पाह्यलं तं देव दिसते. दोन्ही बाजूनं हातच जोडतात ना!"

मला नियम ऐकवायचा होता, पण हसूच आवरेना. मागं उभे असलेले खुशालरावही हसले, मग आपण कशाला आलोय ते आठवून गप्प झाले.

रामराव गंभीर झाले. "माह्यावर संशय घेता? म्या मोटरीत बसलो, खरं हाय. पन शुक्रवारी सकाळी म्या बसलो तवाच तिथी टोकन नव्हतं. मले तं वाटलं, खुशालरावही माह्यासारखेच."

म्हणजे टोकन पोळ्याच्या आधीच, बेस्तरवारी गेलं होतं. एक दिवस कमी झाला.

"मोटरीचा दुस्मान दुसराच हाय," रामराव पुढं म्हणाले. "खुशालराव, तुमच्या गोठ्यात पाहा. शालिकराम. दमणी कोन हाकत व्हता? तो. मोटर आल्यावर कोन बेकार झाला? तो. रोज तिच्यासमोर उभा राहून शिव्या देते. आन पोळ्याच्या संध्याकाळी बोचकं घेऊन पळाला."

पाटील जागच्या जागी थबकले. शालिकराम त्यांच्या घरचा जुना सालदार गडी. वडलांच्या वेळेपासूनचा.

"पळाला नाई, लेकीकडं गेला हाय. नांदगाव खंडेश्वरले," ते हळूच म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "मायचं बावलं! परवाच म्हने, ही मोटर शेन देत नाई, हाक ऐकत नाई, मेली तं चामडंही कामाचं नाई. त्यानंच फाडून फेकलं टोकन!"

देवमन पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर बोलला. "मालक, काल मी. आज शालिकबुवा. उद्या कोन?"

पाटील घराच्या वाटेला लागले. माझंही मन मानत नव्हतं. ज्याला मोटारीचा राग आहे तो टोकन ओरबाडून फाडेल. कोमट पाण्यानं पाव तास भिजवत बसणार नाही.

५

चार वाजले होते. परत आल्यावर मी छपरीत मोटारीसमोर एका ओंडक्यावर बसलो आणि कौशल्याबाईंना पुन्हा बोलावलं.

"बाई, बेस्तरवारी संध्याकाळी या बाजूला काय काय चाललं होतं? मोटारीचं सोडा. सगळंच सांगा."

"समद्यायच्या घरी काय होते तेच. बैलायची खांदेमळण."

खांदेमळण कोणाला सांगायला नको. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची जुनी दावी-कासरे, गोंडे, माळा, सगळी बंधनं सोडायची. वर्षभर जोखड वाहिलेले खांदे कोमट पाण्यानं शेकायचे, तूप-हळदीनं चोळायचे, आणि बैलाच्या कानात आवतण द्यायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

"कोणी केली?"

"शालिकबुवानंच. दरसाल तोच करते. औंदा मात्र म्हतारा चळला असन. आवतन तीनदा देलं."

"तीनदा?"

"म्या चुलीपाशी व्हती, आयकलं ना. बैल दोन, आवतन तीन. मले वाटलं, मागच्या साली मेलेल्या ढवळ्याचं नाव घेतलं असन. पोळ्याच्या दिवशी निवदाच्या पोळ्याही तीन मागून नेल्या."

मी उठलो. गोठ्यात गेलो. पांढऱ्या बैलाच्या खांद्यावर, जोखड टेकतं त्या जागी, पिवळा डाग होता. वास घेतला. हळद आणि तूप. परत येऊन मोटारीचं मडगार्ड पाहिलं. मोटार जर बैल असती, तर जोखड बरोबर त्याच जागी टेकलं असतं.

"पाटील!" मी इतक्या जोरात ओरडलो की बैलांनी कान टवकारले. "देवमन! सगळे इकडं या."

ते आले. रामरावही मागोमाग आले, मजा बघायला.

"टोकन चोरीला गेलेलंच नाही," मी म्हणालो. "आता ऐका. काचेवर ओरखडा नाही, म्हणजे काढणाऱ्याला घाई नव्हती आणि रागही नव्हता. काचेला तूप लागलं, म्हणजे तो त्या वेळी तुपाचं काम करत होता. महागाचं काही गेलं नाही, फक्त बांधलेलं-चिकटवलेलं गेलं. म्हणजे त्याला काही घ्यायचं नव्हतं, त्याला सोडवायचं होतं. दोन्ही मडगार्डांना हळद-तूप आहे. पुढच्या जाळीत पुरण आहे. आवतणं तीन दिली आणि घरात बैल दोन. तिसरं आवतण कोणाला?"

सगळ्यांच्या माना मोटारीकडं वळल्या.

"पाटील, तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणालात, बैलाला जे ते मोटारीला. तुम्ही टाळ्यांसाठी म्हणालात. शालिकबुवानं ते खरं धरलं."

गोठ्याच्या भिंतीला खुंट्या होत्या. पहिल्या दोन्हींवर बैलांची जुनी दावी आणि माळा. तिसरी खुंटी नव्यानं ठोकलेली, लाकूड अजून पांढरं. तिच्यावर काळा गोंडा, मण्यांची माळ, लिंबू-मिरची आणि पळसाच्या पानाची एक चपटी पुडी दोऱ्यानं बांधून टांगलेली.

मी पुडी सोडली. आत माझं टोकन होतं. अख्खं. नंबर माझ्या अक्षरात, थोडा पसरलेला, पण वाचता येण्याजोगा.

६

पाच-साडेपाचला शालिकराम बोचकं घेऊन फाटकातून आत आला. उंच, वाळका म्हातारा. एवढी माणसं गोठ्यात पाहून तो घाबरला.

"बैलाले काई झालं काय?"

"बैल बरे हायेत," पाटील म्हणाले. "शालिकबुवा, मोटरीचं टोकन तुमी काढलं?"

"मीनंच काढलं," तो लगेच म्हणाला. "पोळ्याच्या दिवशी घरचं जनावर गळ्यात चिठ्ठी घेऊन उभं करता काय? चिठ्ठी बजारातल्या ढोराच्या गळ्यात राह्यते, नाई तं कोंडवाड्यातल्या. समदं गाव पाह्याले येनार, म्हनन पाटलानं मोटर इकाले काढली. कर झाली का लावू म्हनलं पुन्हा. आता लावतो. सोडनाऱ्यानंच बांधावं, अशी रीत हाय आपल्या घरची."

"अहो, पण कोणाला सांगायचं तरी!" मी म्हणालो.

"काय सांगाचं? पोळा आन कर, दोन रोज मोटर हालनार नाई, मालक सोता बोलले व्हते." त्यानं सगळ्यांची तोंडं पाहिली. "हालवली काय?"

पाटील जमिनीकडं बघत होते. पाटलांच्या वाडवडलांनी करीच्या दिवशी कधी बैल जुंपला नव्हता.

"पन तुमी तं तिले रोज शिव्या देत व्हते!" ते अखेर म्हणाले.

"शिव्या मी बैलायलेही देतो," शालिकराम म्हणाला. "म्हनून पोळ्याले उपाशी ठेवतो काय? घरात आली ना ती? मंग घरचीच झाली."

रामरावांनी डोळे पुसले. हसून की कशानं, ते मला सांगता येणार नाही.

आता राहिला देवमन. तो मोटारीच्या पलीकडं उभा होता. टोकन सापडलं म्हणून त्याला आनंद झालेला दिसत नव्हता, आणि मला ते समजत होतं. चोर म्हटलं गेलं ते शंभर माणसांत, आणि चोर नाही हे कळलं ते गोठ्यात.

"चुकलं माहं," पाटील पुटपुटले.

"मोठ्यानं," कौशल्याबाई म्हणाल्या. "नाक्यावर केवढ्यानं वरडले व्हते!"

पाटलांनी मान वर केली. "देवमन, चुकलं माहं. म्या तुले चोर म्हनलं, तू नव्हता. आताच दाखला लिहून देतो. लिहितो का देवमननं चोरी केली नाई, टोकन सापडलं."

"तसं लिहू नका जी," देवमन म्हणाला.

"कावून?"

"जे मी केलंच नाई ते केलं नाई म्हनून कागदावर कावून घेऊ? साहेब वाचन तं म्हनन, काईतरी असनच. मी गाडी कशी चालोतो ते लिहा. तेवढंच तुमाले ठाऊक हाय, तेवढंच लिहा."

पाटील आत गेले, दौत-टाक घेऊन आले आणि मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. मला वाचायला दिलं. देवमन माझी मोटार चालवतो. रस्ता पाहून चालवतो, माणूस पाहून हॉर्न देतो. तो गेला तर माझी अडचण होईल. तरी त्याला घ्यावे.

एवढा चांगला दाखला मी सरकारी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

रात्री मी पाटलांकडंच राहिलो. मंगळवारी सकाळी टोकन काचेवर, डाव्या अंगाला, अक्षरं बाहेर करून शालिकबुवानंच चिकटवलं, मी फक्त जागा दाखवली, आणि देवमननं आम्हाला अकोल्याला आणलं. पाटलांना त्या दिवशी अकोल्यात काहीच काम नव्हतं. ते ऑफिसात माझ्याकडं बसतील असं मला वाटलं होतं, पण ते एस.टी.च्या आवारात गेले. अकरा वाजले, बारा वाजले. मला राहवेना. साहेबांना पान खायला जातो सांगून मीही तिकडं गेलो.

मुलाखतीच्या खोलीबाहेर गर्दी होती. भिंतीपाशी एक म्हातारी बाई उभी होती, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. ती देवमनची आई, मनकर्णाबाई. पहाटेच बार्शीटाकळीहून आली होती. तिच्या शेजारी खुशालराव पाटील उभे होते. आयुष्यात कोणासाठी थांबले नसतील असे पाटील दोन तास उभे होते, आणि दर थोड्या वेळानं तिला सांगत होते, "आता येईन बाहेर."

साडेबाराला यादी लागली. देवमननं ती वाचली, पुन्हा वाचली, मग आईपाशी येऊन नुसती मान हलवली. तिनं त्याच्या शर्टाची बाही धरली आणि सोडली नाही. पाटलांनी फेटा नीट केला, जणू निवड त्यांचीच झाली होती.

"चला, आजचा रोज तं तू माहाच डायवर हायेस," ते देवमनला म्हणाले. "मायले घरी पोचवू."

मोटारीपाशी पाटलांनी मागचं दार स्वतः उघडलं. मनकर्णाबाई जागची हलेना.

"पाय भरले हायेत माहे, पाटील."

"असू द्या बाई. मोटर रस्त्यावरच चालते."

ती मागच्या गादीवर बसली, अगदी कडेला. पाटील मागं बसले नाहीत. ते पुढं देवमनच्या शेजारी जाऊन बसले. मी फाटकात उभा होतो. माझे डोळे भरून आले, ते सांगायला मला लाज नाही. मोटार सुरू झाली, आणि मनकर्णाबाई गादीवर हळूच मागं सरकून नीट टेकून बसली.

"हळू चालव रे, देवमन," ती म्हणाली. "लोकायले पाहू दे."